बाबांच्या नावाचा रिमोट

राइट टाउन, जबलपूर
२४ नोव्हेंबर २०२४

ती. शरयूआत्यास,

आल्हादचा सा. न. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुझ्यासाठी मोठ्यानं बोललो की आई आतून विचारते की आता कोणाशी भांडून राहिला. तेव्हा पत्रच बरं. पोस्टात छत्तीस वर्षं काढलेल्या बाईला लिहिताना पिनकोड चुकू नये एवढीच धास्ती.

पार्सल मंगळवारी मिळालं. अनिमेषदादा बंगलोरला गेल्यापासून तो गेम तुझ्या माळ्यावर पडून होता, तरी चालतो. डबा टीव्हीला जोडला, तिन्ही रिमोटमध्ये सेल घातले. रिमोटांना तू लोकरीच्या खोळी विणून पाठवल्यास, त्या पाहून शेजारचा विक्की म्हणाला की भाई, तुझ्या आत्यानं तर यांना स्वेटर घातलंय. बाबांच्या हातातून घसरू नये म्हणून विणल्यास, हे मला कळलं.

बाबांना लकव्याचा झटका आला त्याला अकरा आठवडे झाले. पाय आला, काठी घेऊन गेटपर्यंत जातात. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर ठेवला तिथेच राहतो. आई सकाळी शाळेत शिकवायला जाते, म्हणून तोंड धुणं, शर्टाची बटणं, तेल, शेकाची पिशवी, दुपारी पुन्हा शेक, हे सगळं माझ्याकडे. मी एकवीस वर्षांचा आहे आणि संध्याकाळी पाचला म्हाताऱ्यासारखा थकलेला असतो. तक्रार नाही करून राहिलो. मी ऑगस्टात नागपूरचं कॉलेज सोडून आलो आणि सप्टेंबरात बाबांचा हात गेला. घरी येणारा प्रत्येक जण दोन्हींची चौकशी एकाच दमात करतो. एचओडीच्या टेबलावर परीक्षेचा फॉर्म फाडला तेव्हा मला आपण फार काही केलं असं वाटलं होतं. तू रागावली नाहीस. गाडीत खायला डबा भरून दिलास. कधीकधी वाटतं रागावली असतीस तर बरं झालं असतं.

बाबांचं एकच चाललंय, पुन्हा लेथवर उभं राहायचं. एकतीस वर्षं फॅक्टरीत टर्नर. सुट्टी मार्चअखेरपर्यंत आहे, त्यानंतर डॉक्टर हात बघून ठरवतील. त्यांचा दिवस तिथेच उगवतो नि तिथेच मावळतो.

हातासाठी फिजिओथेरपिस्ट येते. प्रणोती. मदन महलहून स्कूटीवर येते, आपल्यातलीच आहे, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. बाबांचं एक एक बोट उघडताना ती त्या बोटाशीच बोलते, चलो उठा आता, पुष्कळ झोपलात म्हणून. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही, तू भलतंच समजशील. ती मला भैया म्हणते. जबलपुरात भाजीवाल्यालाही भैया म्हणतात, तेव्हा त्याला काही अर्थ नाही.

तिला गेमची कल्पना आवडली. म्हणाली की व्यायाम म्हटलं की काका कंटाळतात, खेळ म्हटलं तर हात उचलतील. म्हणून काल संध्याकाळी सगळे जमलो: आईबाबा, बाबांच्या शेजारच्या लेथवरचे गुणवंतकाका, विक्की, आणि तीही थांबली. गेम असा की हातातला रिमोट झुलवला की पडद्यावरचा आपला माणूस चेंडू घरंगळत सोडतो आणि समोरच्या दहा बाटल्या पाडतो. बाबांचा माणूस आम्ही मिशा आणि चष्म्याचा बनवला. आईनं पहिल्याच फटक्यात सहा पाडल्या आणि लाजली. बाबांनी खांद्यानं हात ढकलून पाहिला, दहा पाळ्यांत एकही नाही. प्रत्येक वेळी चेंडू कडेच्या नालीत, आणि तो मिशीवाला माणूस मान खाली घालून उभा. गुणवंतकाका म्हणाले की टीव्हीतच गडबड दिसते.

बाबांनी रिमोट ठेवला, आत गेले, आणि तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. आज व्यायामालाही नाही म्हणाले. गेम परत पाठवू का?

तुझा लोभ मला पुरून उरतो, तरी आणखी पाठव.

तुझा,
आल्हाद

———

लक्ष्मीनगर, नागपूर
२ डिसेंबर २०२४

चि. आल्हाद यास,

शरयूआत्याचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा दोन जास्त, कारण ते लागणार असं दिसतं.

गेम परत पाठवू नकोस. विनू लहानपणी कॅरममध्ये हरला की तीन दिवस माझ्याशी बोलत नसे आणि चौथ्या दिवशी स्वतःच पावडर घेऊन बसे. त्याला भिंतीकडे बघू दे. भिंतीचा कंटाळा येतो माणसाला.

दुसरं. तुझ्या कॉलेजमुळे त्याचा हात गेला हे डोक्यातून काढ. बारा वर्षं त्याचं बीपी वाढलेलं आहे, गोळ्या ड्रॉवरमध्ये आणि लोणचं ताटात. तू फाडलेल्या कागदानं कोणाची शीर फुटत नाही. स्वतःला इतका महत्त्वाचा समजू नकोस. कॉलेज सोडलंस ते चूकच, पण ती वेगळी चूक आहे आणि तिच्यावर आपण जूनमध्ये कॉलेजं उघडतील तेव्हा बोलू.

तिसरं. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही म्हणालास आणि परिच्छेदभर लिहिलंस. ती बोटाशी काय बोलते हे तुला पाठ आहे, आणि गुणवंतनं किती बाटल्या पाडल्या ते तू लिहिलंच नाहीस. भैयाला अर्थ असतो रे बाबा. पण चलो, स्वप्न बघायला पोस्टाचं तिकीट लागत नाही.

तुझ्या आईला, ज्योतीला सांग, स्वतःही वेळेवर जेव. मायेत खंड नाही, पत्रात पाडू नकोस.

तुझी,
शरयूआत्या

———

राइट टाउन, जबलपूर
२२ डिसेंबर २०२४

ती. शरयूआत्यास,

सा. न. वि. वि. या वेळी आनंदाची बातमी आहे आणि तिच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. पहिली सगळ्यांना वाचून दाखव. दुसरी वाचून पत्र फाड.

पहिली: बाबा खेळून राहिले. खेळतात काय, जिंकतात. शनिवार-रविवार संध्याकाळी सहाला हॉलमध्ये खुर्च्या लागतात. काल बाबांनी एकशे अठरा गुण केले, गुणवंतकाकांना मागे टाकलं. गुणवंतकाका म्हणाले की विनय, तू आजारपणाचं नाटक करून राहिला, उद्यापासून शिफ्टला ये. बाबा हसले. खूप दिवसांनी दात दिसले त्यांचे. आई दर रविवारी पोहे करते, विक्की बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातून खव्याची जिलबी आणतो, आणि प्रणोती तिची वेळ संपल्यावरही साडेसातपर्यंत थांबते. बाबांच्या दहाच्या दहा बाटल्या पडल्या तेव्हा ती ओरडली आणि तिनं माझ्या हातावर टाळी दिली. सहज दिली, मला माहीत आहे. तरी तो हात मी जेवेपर्यंत धुतला नाही.

आता दुसरी. त्या बाटल्या बाबा पाडत नाहीत. मी पाडतो.

काहून केलं ते ऐक. तू म्हणालीस चौथ्या दिवशी उठतील. नाही उठले. नवव्या दिवशी मीच हट्टानं त्यांना खुर्चीत आणून बसवलं आणि ठरवलं की आज काहीतरी पडलंच पाहिजे. तिन्ही रिमोट सारखे, त्यावर तुझ्या खोळी, कोणता रिमोट कोणाचा ते सांगणारा आतला दिवा दिसत नाही. बाबांच्या माणसाला जोडलेला रिमोट मी स्वतःकडे ठेवला. त्यांच्या हातात दुसरा दिला, त्यातले सेल काढून. मी त्यांच्या मागे दिवाणावर बसतो, मांडीवर चादर घेऊन. त्यांचा खांदा हलला की मी चादरीखाली मनगट झटकतो. गेमला हात दिसत नाही, फक्त रिमोट हलला ते कळतं. पहिल्या दिवशी चारच बाटल्या पाडल्या, मुद्दाम. मग पाच. मग सात.

एक गोष्ट सांगतो, ती मला टोचून राहिली. सेल काढलेला रिमोट हलका असतो. विक्कीनं चुकून उचलला तर त्याला लगेच कळलं असतं. बाबांना नाही कळलं. ज्या हाताला सळईतला केसाएवढा फरक कळायचा, त्या हातात मी रिकामं खोकं दिलं आणि तो हात काही बोलला नाही.

पण ते जेवून राहिले आत्या, स्वतः दाढी करायची म्हणून राहिले. हे वाईट कसं असेल?

रागावलीस तरी माया कमी करू नको, दोन्ही एकाच पाकिटात मावतं.

तुझा,
आल्हाद

———

लक्ष्मीनगर, नागपूर
३० डिसेंबर २०२४

चि. आल्हाद यास,

आशीर्वाद. पत्र फाडलं नाही. सदतीस ओळींचा मूर्खपणा आहे, ठेवण्याजोगा आहे.

तुझा हेतू चांगला होता हे मी मान्य करते, म्हणून पुढचं शांतपणे लिहिते. विनू टर्नर आहे. एकतीस वर्षं तो एकाच गोष्टीवर जगला, की माप सांगतं ते खरं. तू त्याच्या हातात खोटं माप दिलंस. आता तो त्या मापानं स्वतःला कापायला लागेल आणि त्याला वाटेल आपण बरोबर कापतोय.

आणि ती मुलगी. तिचं काम त्याच्या हातावर आहे. ती तो आकडा बघून काय ठरवत असेल, याचा विचार केलास का, का तिची टाळी आठवण्यातच तुझी संध्याकाळ गेली?

पुढच्या रविवारच्या आत त्याला सांग. हसत सांग, लाजत सांग, जसं जमेल तसं. आज सांगितलंस तर तो चिडेल आणि विसरेल. महिन्यानं सांगितलंस तर नाही विसरणार. खोळी मी विणल्या म्हणून माझाही यात वाटा झाला, त्याचं मला फार लागलं आहे.

उत्तर लगेच दे. राग या पानावर संपला, माया पुढच्या पानावरही आहे असं समज.

तुझी,
शरयूआत्या

———

राइट टाउन, जबलपूर
१९ जानेवारी २०२५

ती. शरयूवन्सं यांना,

ज्योतीचा शि. सा. न. पत्राला उशीर झाला, शाळेत प्री-बोर्डचे पेपर होते आणि घरी आल्यावर पेन धरायचं त्राण राहत नाही. आल्हाद तुम्हाला लिहितो का हल्ली? विचारलं की मान हलवतो, हो म्हणतो की नाही ते कळत नाही.

यांच्या हाताचं कळवायचं होतं. मला काही उलगडत नाही. खेळताना हे सपाटून बाटल्या पाडतात, मागच्या रविवारी एकशे चाळीस केले. पण प्रणोती व्यायामाच्या वेळी हातात रिकामी वाटी देते तर ती वाटी पडते. मग एक दिवस खेळाचे नि व्यायामाचे आकडे लिहिते त्या वहीत बघून म्हणाली की काका, टीव्हीसमोर हात चालतो आणि माझ्यासमोर चालत नाही, म्हणजे ताकद आहे, तुम्ही लावत नाही. तिनं चेष्टेत म्हटलं, पण यांनी मनाला लावून घेतलं. मला म्हणतात की ज्योती, मी कामचोर झालो का गं. एकतीस वर्षांत या माणसानं एक दिवस उशिरा कार्ड पंच केलं नाही.

तेव्हापासून तिनं व्यायाम वाढवला. मनगटाला वाळूची पिशवी बांधून हात उचलवते. हेही हट्टाला पेटले, ती नसताना दुपारी एकटेच करतात. बुधवारी खांदा सुजला. हात लावू देत नाहीत. मी म्हटलं थोडं थांबा, तर म्हणाले की दुखणं म्हणजे आळस निघून राहिला. वरून फॅक्टरीत अर्ज द्यायला निघाले आहेत, मार्चची वाट न बघता फेब्रुवारीतच लेथवर घ्या म्हणून. गुणवंतभाऊजींकडे देऊन ठेवला आहे, सोमवारी तीन तारखेला ते साहेबांच्या टेबलावर ठेवणार. वन्सं, त्या फिरत्या मशीनसमोर हा हात! मला विचारही करवत नाही.

आल्हादचं डोकं सदा तापलेलं. यांचं खूप करतो, खोटं कशाला बोलू, पण विक्कीवरही खेकसतो. खेळताना समोर जागा असली तरी यांच्या मागे दिवाणावर चादर घेऊन बसतो. मला वाटतं तिथून प्रणोती नीट दिसत असावी. कळतं हो मला, आई आहे.

तुम्ही यांना दोन शब्द लिहा, तुमचं ऐकतील. आमच्यावर जीव लावता तो असाच लावत राहा.

तुमची,
ज्योती

———

लक्ष्मीनगर, नागपूर
२५ जानेवारी २०२५

आल्हाद,

आशीर्वाद आहेतच, ते काही काढून घेता येत नाहीत.

तुझ्या आईचं पत्र आलं. तुझं नाही आलं. विनूचा खांदा सुजलाय आणि तो स्वतःला कामचोर म्हणून राहिला, हे मी तुला कळवायला नको, तू त्याच घरात राहतोस. ज्योतीला मी काही लिहिलं नाही. तिनं हे माझ्याकडून ऐकायचं नाही.

या पाकिटात आणखी एक पाकीट आहे. त्यावर विनूचं नाव आहे, डिंकानं बंद केलंय. त्यात मी सगळं लिहिलं आहे. रविवारी दोन तारखेपर्यंत तू स्वतः सांगितलंस तर ते फाडून टाक. नाही सांगितलंस तर त्याच्या हातात दे. तिसरी वाट ठेवलेली नाही. तू पाकीट दाबून ठेवशील अशी मला भीती नाही. तू तापट आहेस, पण दुसऱ्याचं टपाल मारणारा नाहीस.

ती मुलगी तुझ्यावर चिडेल. चिडू दे. विनूचा हात मशीनमध्ये गेला तर ती तुला कोणत्या नावानं हाक मारते याला काय किंमत राहणार आहे?

माया तशीच, वाट बघते.

शरयूआत्या

———

राइट टाउन, जबलपूर
१६ फेब्रुवारी २०२५

ती. शरयूआत्यास,

सा. न. करतो आहे, या वेळी मान वर न करता.

तुझ्या डिसेंबरच्या पत्राला उत्तर दिलं नाही. खोटं थांबवायचा प्रयत्न केला होता. एका रविवारी मी हात आखडता घेतला, बाबांच्या तीनच बाटल्या पडू दिल्या. बाबांनी पोह्यांना हात लावला नाही, आईनं बशी तशीच परत नेली, आणि प्रणोतीनं घड्याळ बघितलं. मला तिचं घड्याळ बघणं सहन झालं नाही. पुढच्या पाळीला आठ पाडल्या. बाबांसाठी करून राहिलो म्हणून स्वतःला सांगायचो, पण त्या दिवशी ते तिच्यासाठी केलं. हे तुझ्याशिवाय कोणाला लिहिता येणार नाही, आणि आता तुलाही एकदाच.

तुझं पाकीट तीस तारखेला, गुरुवारी आलं. तीन दिवस बाबांच्या नावाचं ते पाकीट खिशात घेऊन फिरलो. आधी प्रणोतीला सांगावं म्हणून शनिवारी गेटपर्यंत तिच्यामागे गेलो. ती हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली की भैया, काकांना समजवा, घाबरून हात मागे घेतात. मी म्हटलं हो, समजावतो. एवढंच बोललो.

रविवारी, दोन तारखेला, सगळे जमले. दुसऱ्या दिवशी अर्ज साहेबांच्या टेबलावर जाणार, म्हणून गुणवंतकाका पेढे घेऊन आले होते. प्रणोतीनं बाबांच्या मनगटाला किलोभराची वाळूची पिशवी बांधली. मी नेहमीसारखा मागे, चादरीखाली रिमोट. ठरवलं होतं की आज मनगट हलवायचं नाही, काहीच पडू द्यायचं नाही, मग बोलायचं.

बाबांनी हात उचलला. म्हणजे सुजलेला खांदा उचलला, हात मागून लोंबत आला. पडद्यावरचा मिशीवाला माणूस चेंडू धरून उभाच. प्रणोती म्हणाली की काका, और, थोडा और. दुसऱ्यांदा उचलला. ओठ पांढरे पडले होते. तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडून असा आवाज आला, आत्या, की माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरलं की जिभेआधी हात चालतात, तुला माहीत आहे. चादर फेकून उभा राहिलो आणि तिच्यावर ओरडलो. तिच्यावर! जिचा काडीचा दोष नव्हता. दिसत नाही का, म्हणालो, त्यांचा हात नाही चालत, कोणी डिग्री दिली तुम्हाला. आणि हे बोलताना उजवा हात हवेत, हातात रिमोट, बटण रागानं आवळलेलं आणि मग सुटलेलं.

पडद्यावर बाबांच्या माणसानं चेंडू टाकला. दहाच्या दहा बाटल्या पडल्या. टीव्हीतले लोक टाळ्या वाजवू लागले, तो मिशीवाला उड्या मारू लागला. बाबांचा हात तेव्हा मांडीवर होता.

कोणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. विक्की हळूच म्हणाला की अरे यार. गुणवंतकाकांनी उठून टीव्ही बंद केला.

बाबांनी आपल्या रिमोटची खोळ दातांनी ओढून काढली. डाव्या हाताच्या अंगठ्यानं मागचं झाकण सरकवलं. आत रिकामं. मग त्यांनी तो रिमोट डाव्या तळव्यावर ठेवून वजन बघितलं, माल बघतात तसं. माझ्या हातातला मागितला, तो ठेवून बघितला. मग दोन्ही एकेक करून उजव्या तळव्यावर ठेवले. पुन्हा डाव्या. पुन्हा उजव्या. कितीतरी वेळ. डाव्याला फरक कळत होता आणि उजव्याला कळत नव्हता, हे सगळ्या खोलीला कळलं. आई रडायला लागली, तेही आवाज न करता.

मग त्यांनी विचारलं कधीपासून. मी सांगितलं. त्यातले माझे गुण किती, असं विचारलं. मी म्हटलं एकही नाही. ते रागावले असते, काठी उगारली असती तर मी पाय धरले असते. ते फक्त गुणवंतकाकांना म्हणाले की अर्ज परत आण.

प्रणोतीनं वाळूची पिशवी सोडली, सूज बोटानं दाबून बघितली, आणि वही काढून मला तारखा विचारल्या. मी एकेक सांगत गेलो आणि ती एकेक ओळ खोडत गेली. नऊ आठवडे. मग तिनं वही मिटली. म्हणाली की माझ्या हातून पेशंटला इजा झाली, ती तुमच्यामुळे झाली, पण वहीत नाव माझंच राहील. मी माफी मागितली. तिनं ऐकली का नाही ते कळलं नाही, ती बाबांची माफी मागून राहिली होती.

तुझं पाकीट फाडलं नाही. मी सांगितलं नव्हतं, ते उघडं पडलं. तेव्हा फाडायचा हक्क माझा नव्हता. बाबांना दिलं. त्यांनी उन्हात बसून दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं.

आता ती रोज येते. आधी आठवड्यातून चार दिवस यायची, आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं म्हणून रोज. मला हेच पाहिजे होतं. टॉवेल द्या, पाणी गरम करा, एवढंच बोलते, भैयाही म्हणत नाही. काम झालं की स्कूटी सुरू होते. मी गेटकडे जात नाही. मागच्या आठवड्यात गुणवंतकाकूंनी आईला सांगितलं की तिचं भोपाळच्या मुलाशी ठरत आहे. मी ऐकलं आणि शेकाची पिशवी भरायला गेलो. भांडायला कोणी समोर नसलं की राग कुठे ठेवायचा ते कळत नाही. खांद्याची सूज निम्मी उतरली. लेथचं आता कोणी काढत नाही. गुणवंतकाका एकदा टूलरूमचं म्हणाले, बसून हत्यारं द्यायची-घ्यायची. बाबा बघू म्हणाले. आधी म्हटलं असतं तर काकांना घराबाहेर काढलं असतं.

आज सकाळपासून बाबा माझ्याशी चार वाक्यं बोलले. त्यातलं एक असं की टीव्ही लाव. शेजारी कोणाला बोलावलं नाही, आई, मी आणि ते. त्यांनी रिमोट स्वतः निवडला, खोळ घालू दिली नाही, सेल उघडून बघितले, दिवा कोणाचा लागला ते बघितलं. मला समोर जमिनीवर बसायला सांगितलं, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, त्यांना दिसतील असे. तसा बसलो. डाव्या हातानं उजवा मनगटाशी धरून त्यांनी फक्त टेबलाच्या उंचीपर्यंत झुलवला. प्रणोतीनं तेवढीच परवानगी दिली आहे. चेंडू नालीत. पुन्हा नालीत. सात वेळा नालीत. मला वाटून राहिलं की आता उठतील. आई दाराला धरून उभी होती. आठव्यांदा चेंडू कडेकडेनं गेला आणि दोन बाटल्या पडल्या.

टाळी वाजवू की नको ते कळेना, माझे हात गुडघ्यांवर होते. बाबांनी उरलेल्या दोन पाळ्या खेळल्या, त्याही नालीत. मग म्हणाले की शरयूला लिही, दोन पडल्या. लिहून झालं की पाकीट बंद करायच्या आधी मला वाचायला दे.

म्हणून लिहून राहिलो. दोन.

हे सगळं ते वाचतील. वरचं काही खोडलं नाही. लोभ उरला असेल तर थोडा बाजूला ठेव, मी तो जूनपर्यंत कमावून घेतो.

तुझा,
आल्हाद

ता. क. सगळं वाचलं. दोन हा आकडा बरोबर आहे. तिसरी बाटली हलली होती पण पडली नाही, ती धरू नये. डाव्या हातानं लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.
विनय